देखणा नकाशा: भामरागडात किती खर्च, आणि कशावर

‘पाचशे रुपयांत रंगीत प्लॅन, दोन हजारांत थ्रीडी व्ह्यू’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. घर बांधणाऱ्याला, शाळेची खोली वाढवणाऱ्या संस्थेला किंवा समाजभवनाचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेला त्या खुणावतातही. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडात या खर्चाचा हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो. आधी ठरवायचे की नकाशा कोण बघणार आहे. किती पैसे घालायचे, हे त्यानंतर.

नगरपंचायतीत किंवा नगररचना विभागात जाणाऱ्या नकाशाला देखणेपणासाठी एक रुपयाही देऊ नका. तिथे कोणता रंग कशासाठी, हे नियमावलीनेच ठरवून दिले आहे. राज्यात २०२० च्या डिसेंबरात लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, प्लॉटची हद्द जाड काळ्या रेषेत मागते. अस्तित्वातला रस्ता हिरवा, नवे बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळे, पाण्याची लाइन निळ्या तुटक रेषेत आणि सांडपाण्याची लाल तुटक रेषेत. मोकळी जागा कोरी सोडायची. त्या कोऱ्या जागेत कोणी हिरवळ, कारंजे आणि लाल मोटार काढून दिली, तर तपासणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, आणि ऑनलाइन छाननीचे सॉफ्टवेअर तर चित्र बघतच नाही. ते फक्त ठरवून दिलेल्या नावांचे लेयर वाचते. तेव्हा इथे पैसे परवानाधारक अभियंत्याचे किंवा आर्किटेक्टचे.

घरकुलाचेही तसेच. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर असते. आपल्यासारख्या दुर्गम, नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्राच्या निकषात १ लाख ३० हजारांचे अनुदान आहे, आणि माडिया आदिवासी कुटुंबांना जनमन योजनेतून २ लाख मिळू शकतात. एवढ्या रकमेतून तीन-चार हजार थ्रीडी चित्रावर घालवणे म्हणजे सिमेंटची आठ-दहा पोती कमी करणे. घराची आखणी कागदावर पेन्सिलने करा, दारे-खिडक्यांची मापे लिहा, आणि जोत्याची जागा चुन्याने जमिनीवर आखून घरच्या सगळ्यांना त्यातून चालायला लावा. याहून चांगला थ्रीडी व्ह्यू कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये निघत नाही.

देखण्या नकाशावर खर्च करण्याची खरी जागा ग्रामसभा आहे, आणि त्यामागे कायदाही आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, समाजभवन, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची योजना, तलाव, रस्ता अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे ज्या लोकांनी हो किंवा नाही म्हणायचे, त्यांना तो कागद वाचता आला पाहिजे. भामरागड तालुक्यात सभेतले बरेच जण माडिया बोलतात. ‘प्रस्तावित बांधकाम क्षेत्र’ असे लिहिलेल्या काळ्या रेषांच्या कागदावर घेतलेली शिफारस कागदोपत्री पुरी असेल, पण ती समजून दिलेली आहे असे म्हणवत नाही.

आता झाडांचे बघू. सुंदर साइट प्लॅन करून देणारे लोक तयार झाडांचा संच वापरतात. एक क्लिक केले की दहा झाडे उमटतात, आणि त्यात पाम, सायप्रस, युरोपातले मेपलसुद्धा असतात. शहरातल्या फ्लॅट स्कीमच्या माहितीपत्रकात ते खपून जाते. इथे झाडांची संख्या कायद्यात मोजली जाते, आणि मोह कोणता, तेंदू कोणता, कोणता मोह कोणाच्या घरचे वेचतात, हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत असते. शोभेसाठी चिकटवलेले एक खोटे झाड दिसले की उरलेल्या नकाशावरचाही विश्वास उडतो. म्हणून कारागिराला पहिली अट घाला: नकाशावरचे प्रत्येक झाड जमिनीवर असले पाहिजे. राहणारे झाड भरीव हिरवे, तोडायचे झाड नुसता गोल आणि त्यावर फुली. बाजूला मोह, ऐन, साग, तेंदू, चिंच यांची यादी आणि आकडा. हे काम हुशार ड्राफ्ट्समनला तासाभराचे आहे, मात्र मोजणी तुम्ही करून दिलेली हवी.

मोजणी मोबाइलच्या जीपीएसवर सोडू नका. त्यात पाच-सात मीटरची चूक सहज येते, आणि १:५०० च्या नकाशावर पाच मीटर म्हणजे एक सेंटिमीटर. झाड भिंतीच्या आत दिसायला तेवढे पुरे. तीस मीटरची टेप तीनशे ते पाचशे रुपयांना मिळते. जागेचे दोन कोपरे पक्के धरायचे आणि प्रत्येक झाडाचे अंतर दोन्ही कोपऱ्यांपासून मोजून वहीत लिहायचे. दहावीच्या भूमितीत हे येते. गावातली शिकलेली पोरे अर्ध्या दिवसात करतात. जमीन खाजगी आणि सातबाऱ्यावरची असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची ‘क’ प्रत आधी हातात घ्या. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २ हजार आणि द्रुतगतीला ८ हजार रुपये लागतात. हद्द वादात असताना नकाशा रंगवणे म्हणजे पैसे पर्लकोटेत सोडणे.

पर्लकोटेचे नाव आलेच आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळचे हे गाव. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की गावाचा संपर्क तुटतो, आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुराने भामरागडला पुन्हापुन्हा वेढले. तरीही या भागातल्या साइट प्लॅनवर पुराची रेषा क्वचितच दिसते. ती असायला हवी, आणि ठळक निळ्या टिंबांची हवी. त्यासाठी उपग्रहाचे फुकट मिळणारे उंचीचे आकडे वापरू नका. त्यांचा एकेक चौकोन साधारण तीस मीटरचा आणि उंचीतली चूक काही मीटरची असते, तर घर बुडते ते दोन फुटांनी. जुन्या माणसांना विचारा, भिंतीवरची पाण्याची खूण शोधा, आणि गवंड्याकडच्या पारदर्शक नळीने ती पातळी आपल्या जागेपर्यंत आणा. नळी शंभर-दोनशे रुपयांची. त्या एका निळ्या रेषेने जोते किती उचलायचे हे ठरते, म्हणजे बांधकामातले हजारो रुपये ठरतात. माझ्या मते इथल्या नकाशावरची सगळ्यात देखणी गोष्ट तीच.

सॉफ्टवेअरकडे येऊ. ऑटोकॅडची पूर्ण आवृत्ती आता विकत मिळत नाही, फक्त वर्गणीवर मिळते, आणि वर्षाची वर्गणी लाखाच्या घरात जाते. वर १८ टक्के जीएसटी. फोटोशॉप महिन्याला साधारण दोन हजार. एखाद-दुसऱ्या नकाशासाठी संस्थेने यातले काहीही घेऊ नये. बाजारात पेनड्राइव्हवर मिळणारी क्रॅक कॉपी तर मुळीच नको. ती बेकायदा आहेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस आला तर संस्थेच्या हिशेबाच्या फायलीही जातील. गावातला कोणी मुलगा-मुलगी पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकी शिकत असेल, तर ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शिकण्यापुरते सॉफ्टवेअर मोफत देते. पैसे घेऊन केलेल्या कामाला ते चालत नाही.

स्केचअपची मोफत आवृत्ती फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे, आणि तीही ब्राउझरमध्येच चालते. म्हणजे नेटवर्क गेले की काम थांबले. भामरागडात पावसाळ्यात हे किती दिवस चालेल, ते तुम्ही जाणता. म्हणून मी एकदा उतरवून घेऊन ऑफलाइन चालणारी, पूर्ण मोफत जोडी सुचवतो: रेषा लिब्रेकॅडमध्ये, रंग आणि अक्षरे इंकस्केपमध्ये. घराच्या आतली मांडणी दाखवायची असेल तर स्वीट होम थ्रीडी. नदी, रस्ता, पाडे असा मोठा परिसर दाखवायचा असेल तर क्यूजीआयएस. साध्या, चार-पाच वर्षे जुन्या लॅपटॉपवरही यांचे काम भागते. महागडे ग्राफिक कार्ड फक्त फोटोसारख्या रेंडरला लागते, आणि त्याची गरज इथे फार थोड्यांना आहे.

मराठी अक्षरांपाशी बहुतेक नकाशे बिघडतात. कॅडच्या जुन्या रेघी फॉन्टमध्ये देवनागरी नसते, आणि लिब्रेकॅडमध्ये जोडाक्षरे, वेलांट्या जागेवर राहतीलच याचा भरवसा नाही. ‘शाळेची भिंत’ असे लिहिले की वेलांटी ‘भ’च्या पुढे जाऊन बसते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला नाही तर हेच होते. म्हणून रेषांचे काम संपल्यावर नावे इंकस्केपमध्ये टाका आणि ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ किंवा तसाच एखादा मोफत युनिकोड फॉन्ट वापरा. दुसऱ्याकडून काम करून घेत असाल तर ‘सर्व मजकूर मराठीत, युनिकोडमध्ये’ ही अट आधीच सांगा. नंतर सांगितले की त्याचे वेगळे पैसे लागतात. जागांची माडिया नावे लिहायची असतील तर ती गावातल्या माणसाकडून तपासून घ्या. शहरातला ड्राफ्ट्समन हातपंपाला हातपंप लिहील, पण डोंगराचे आणि ओढ्याचे नाव हमखास चुकवेल.

अलीकडे कच्च्या स्केचवरून क्षणात झगमगीत चित्र काढून देणारी एआयची साधनेही आली आहेत. चित्र छान येते, पण ते कौलांच्या जागी सपाट स्लॅब घालते, एक खिडकी वाढवते, अंगणात गवताचा गालिचा अंथरते. सभेपुढे असे चित्र ठेवलेत आणि बांधकाम वेगळे झाले, तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

काम बाहेरून करून घ्यायचे तर चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर इथे ड्राफ्ट्समन आणि फ्रीलान्सर मिळतात. घासाघीस करताना हाताशी असावेत म्हणून माझे अंदाज सांगतो. तुम्ही दिलेल्या मापांवरून रंगीत साइट प्लॅनला दीड ते चार हजार, बाहेरून दिसणाऱ्या इमारतीच्या एका थ्रीडी चित्राला दोन ते सहा हजार. चालत्या चित्राचा, म्हणजे वॉकथ्रूचा, भाव सेकंदावर किंवा मिनिटावर लावतात आणि तो सहज पंधरा-वीस हजारांवर जातो. ग्रामसभेला त्याचा उपयोग नाही. दूरच्या देणगीदाराला पाठवायचे असेल तरी जागेचा खरा फोटो, त्यावर इमारतीची रेघ आणि एक स्वच्छ प्लॅन पुरतो, कारण पैसे देणाऱ्याला जागा कुठे आहे आणि पैसे कशाला लागणार हेच पाहायचे असते. शेजारच्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून उभा आहे. देणगीवर चालणारे काम या जंगलात किती टिकू शकते, हे देणाऱ्यांना सांगायला तो दाखला पुरेसा आहे. त्यासाठी चकचकीत चित्र लागत नाही.

माणूस जागेवर बोलावलात तर गडचिरोलीहून एका बाजूचे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. त्याचा दिवस, गाडी आणि मुक्काम धरला तर नकाशापेक्षा प्रवासच महाग पडतो. मापांची वही, चारही दिशांचे फोटो आणि पुराच्या खुणेचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून बरेचसे काम होते.

छपाईत सगळ्यात जास्त पैसे वाचतात, आणि त्यामागे सोपे गणित आहे. कायद्याची मर्यादा एक हेक्टरची. चौरस असेल तर शंभर मीटर बाजू. १:५०० च्या प्रमाणात ती कागदावर वीस सेंटिमीटर होते. म्हणजे सगळी जागा, सूची आणि दिशा साध्या ए-थ्री कागदावर मावते आणि प्लॉटर शोधत फिरायची गरज उरत नाही. ए-थ्रीची रंगीत प्रत पंचवीस ते साठ रुपयांत निघते. सभेत दाखवायला तीच फाइल फ्लेक्सवर चार बाय सहा फुटांची काढा. चौरस फुटाला दहा ते वीस रुपये धरले तरी अडीचशे ते पाचशे रुपयांत फ्लेक्स होतो, झाडाला बांधता येतो, पाऊस आला तरी टिकतो. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवायला सांगा, नाहीतर प्रमाण बिघडते. तरीही नुसते १:५०० लिहून थांबू नका. खाली मीटरची पट्टी काढा, म्हणजे कागद लहान-मोठा झाला तरी ती त्याच्याबरोबर लहान-मोठी होईल. आणि फाइल पाठवण्याआधी त्याच नकाशाची एक काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. कार्यालयात पुढे सरकते ती झेरॉक्सच, आणि तिच्यात हिरवा आणि लाल दोन्ही सारखेच करडे दिसतात. तोडायच्या झाडावरची फुली आणि पूररेषेवरचे टिंब-टिंब तेव्हा कामी येतात.

असे सगळे धरले तर ग्रामसभेच्या समाजभवनाचा एक चांगला साइट प्लॅन, टेप-नळीपासून फ्लेक्सपर्यंत, गावातल्या गावात केला तर हजार-दीड हजारांत होतो; बाहेरून करून घेतला तर तीन ते सहा हजारांत. सहा हजारांच्या वर कोणी सांगितले तर त्यात नेमके काय जास्त मिळणार, हे लिहून मागा.

पैसे देताना निम्मे आधी, निम्मे काम हाती आल्यावर. ‘काम’ म्हणजे नुसती पीडीएफ नव्हे. बदल करता येणारी डीडब्ल्यूजी, डीएक्सएफ किंवा एसव्हीजी फाइलही आपल्या ताब्यात हवी. नाहीतर सभेने दरवाजा पूर्वेला हवा म्हटले की एका रेषेसाठी पुन्हा पाचशे रुपये. किती वेळा दुरुस्ती फुकट, हेही आधीच ठरवा; दोन तरी हव्यातच. तो माणूस जीएसटी लावत असेल तर बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक बघा. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर सहसा त्याला नोंदणीच नसते, आणि नोंदणी नसताना कर मागता येत नाही.