जैन ग्रंथ उघडशील तेव्हा

पोरी, नांदेडला एम.ए.ला राष्ट्रकूट घेतलेस, जीव सुखावला. ‘लत्तलूरपुराचे स्वामी’ म्हणून मिरवणारी ती माणसं, आपल्या लातूर-कंधारचीच. त्यांच्या नोंदी जैन ग्रंथांत विखुरल्यात. वेचताना एवढं सांभाळ.

१. ग्रंथ शेवटाकडून उघड, कथेत रमायला आयुष्य पडलंय — गुरू, गाव, राजा, शक हे सगळं कवी शेवटच्या प्रशस्तीत सांगतो.

२. जिनसेन दोन, हे पहिल्याच पानावर लिहून ठेव — शके ७०५ मध्ये हरिवंशपुराण लिहिणारा वेगळा, अमोघवर्षाचा गुरू असलेला आदिपुराणकार वेगळा.

३. शकासोबत महिनाही टिपत जा. तिसऱ्या कृष्णाचा कऱ्हाड ताम्रपट शके ८८०, फाल्गुन वद्य त्रयोदशीचा. सोमदेवाचं यशस्तिलक शके ८८१ च्या चैत्रातलं. वर्षाचा फरक वाटतो, पण मधे नुसता पाडवा आहे — फाल्गुनात ७९ मिळवायचे, चैत्रात ७८, दोन्हीकडून इ.स. ९५९ च येतं. आणि दोन्हींत राजाचा तळ मेलपाटीलाच! साधू आणि सरकार एकच गाव सांगतात, तेव्हा बेलाशक मान.

४. ग्रंथ कधी संपला आणि आत काय घडलंय, हे ताडून बघ — पुष्पदंताचं महापुराण ९६५ ला पुरं झालं, तरी त्यात राष्ट्रकूटांच्या राजधानीच्या, मान्यखेटच्या लुटीचा श्लोक सापडतो, आणि लूट तर ९७२ ची. म्हणजे श्लोक मागाहून घातलेला. म्हणून लूट खोटी ठरवू नकोस. धनपालाने धारेत धाकट्या बहिणीसाठी प्राकृत शब्दकोश रचला, त्यातही ती लूट आहे, विक्रम संवत १०२९ सकट. विक्रमातून साधारण ५७ वजा कर, की इ.स. मिळतं.

५. चमत्कार दिसला म्हणून पान उलटू नकोस. जिनप्रभसूरींच्या नाशिकवरच्या तीर्थकल्पात यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार जन्मतो तो द्वारकेच्या आगीतून जैन आचार्यांनी वाचवलेल्या गर्भवतीच्या पोटी. आग बाजूला ठेव, नाव उचल — शके ९९१ च्या वसई ताम्रपटात तेच नाव आहे. कथा पाहुणी, नाव घरचं.

६. महापुराणासाठी प. ल. वैद्यांची आवृत्तीच घे, तळटिपांसकट — कुठल्या पोथीत कुठला श्लोक आहे, हे तिथेच कळतं.

७. वहीत डावीकडे ग्रंथ, उजवीकडे ताम्रपट-शिलालेख असं लिहीत जा — उजवीकडे जागा रिकामी राहिली, की पुढे काय शोधायचं ते आपोआप दिसतं.