‘ऑक्टोबर’मधील दृश्यरूपक : लक्षणाविचाराच्या अंगाने

मूकपटाला शब्द नसतो असे आपण सहज म्हणून जातो. परंतु शब्द नसला म्हणजे अर्थव्यापारही सरळ आणि एकपदरी होतो, असे मात्र नव्हे. सर्गेई आयझेन्स्टाइन व ग्रिगोरी अलेक्सांद्रोव्ह यांचा ‘ऑक्टोबर’ हा मूकपट या दृष्टीने साहित्याच्या अभ्यासकानेही पाहावा असा आहे. १९१७ च्या रशियन क्रांतीच्या दशकपूर्तीनिमित्त तो योजण्यात आला. त्याचे चित्रीकरण १९२७ मध्ये मुख्यत्वे लेनिनग्राडमध्ये, प्रत्यक्ष घटनास्थळी झाले. छायालेखन एदुआर्द तिसे यांचे होते. लेनिनच्या भूमिकेसाठी नट न घेता चेहऱ्याचे साम्य असलेला निकान्द्रोव्ह हा कामगार निवडला गेला. दरम्यान ट्रॉट्स्कीची पक्षातून हकालपट्टी झाली, त्याचा सहभाग दाखविणारा बराच भाग कापावा लागला आणि चित्रपट सर्वत्र प्रदर्शित होण्यास १९२८ साल उजाडले.

दोन चित्रखंड एकमेकांशेजारी ठेवले असता दोहोंपैकी कोणत्याही एकात नसलेला तिसरा अर्थ उद्भवतो, हे आयझेन्स्टाइनच्या मोंताज-विचाराचे सार होय. ‘ऑक्टोबर’मध्ये तो याच्याही पुढे जातो. चित्रांच्या जुळणीतून केवळ भावना जागवावी एवढ्यावर त्याचे समाधान नाही. अमूर्त कल्पना, किंबहुना युक्तिवादच प्रेक्षकाच्या मनात उभा राहावा, अशी त्याची आकांक्षा आहे. मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथावर चित्रपट करण्याच्या योजनेची टिपणे त्याने याच सुमारास केली, यावरून ही आकांक्षा किती दूरची होती हे कळते.

आपल्याकडील मम्मटाने लक्षणेला तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा योग, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटले की प्रवाहावर वस्ती असणे अशक्य म्हणून मुख्यार्थ अडतो. सान्निध्यामुळे ‘तीर’ हा अर्थ हाती येतो. आणि शीतलता व पावित्र्य सुचविणे हे प्रयोजन ठरते. ही कसोटी चित्रपटाला लावणे काहींना ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु ‘ऑक्टोबर’मधील दृश्यरूपके कोठे साधली आणि कोठे फसली, हे तिच्यामुळे बरेच स्पष्ट होते, असा माझा अनुभव आहे.

केरेन्स्कीचा प्रसंग घ्या. हिवाळी राजवाड्याचा भव्य जिना तो चढतो आहे. पाट्यांवर त्याची एकाहून एक मोठी पदे झळकतात. पण पायऱ्या त्याच त्या आहेत. माणूस चढतो आणि कोठेच पोहोचत नाही. वाटेतील पुतळ्याच्या हातातील पुष्पचक्र जणू त्याच्याच मस्तकावर उतरणार असे भासते. पुढे तो दारासमोर उभा राहतो आणि त्याच्या पाठमोऱ्या आकृतीशी यांत्रिक मोराची चित्रे गुंफली जातात. मोर वळतो, पिसारा फुलवितो. हा मोर म्हणजे जेम्स कॉक्सच्या अठराव्या शतकातील घड्याळातला, राजवाड्याच्याच संकुलातला. म्हणून योग सिद्ध आहे : मोर आणि माणूस एकाच वैभवाच्या छपराखाली आहेत. अर्थ बाहेरून आणावा लागत नाही. तो त्या वास्तूतूनच निघतो. मोराचा दिमाख चावीवर चालतो, ही व्यंजना तर अधिकच बोचरी आहे.

याउलट सोव्हिएतांच्या दुसऱ्या अधिवेशनात मेन्शेव्हिक वक्ता बोलू लागताच मध्येच वीणेसारख्या हार्प वाद्याच्या तारांवरून फिरणारे हात दिसतात. सभेत हार्प कोठून आले? मुख्यार्थाचा बाध झाला. परंतु योग केवळ दिग्दर्शकाच्या इच्छेत आहे. ‘गोड गोड बोलणे’ या भाषेतल्या उपमेचे चित्रात केलेले ते शब्दशः रूपांतर आहे. प्रेक्षकाला अर्थ कळतो, पण कोडे सुटल्यासारखा.

आणि देवतांची मालिका! ऑगस्ट १९१७ मध्ये सेनापती कोर्निलोव्ह ‘देव आणि देश’ यांच्या नावाने पेट्रोग्राडवर चालून येतो. त्या ‘देव’ शब्दासरशी पडद्यावर प्रथम येशूची बरोक शैलीतील मूर्ती येते. तिच्यामागून अनेक भुजांची हिंदू देवता, बुद्ध, उझुमे या जपानी देवीचा मुखवटा अशी चित्रे येतात आणि मालिका एका आदिम लाकडी मूर्तीपाशी संपते. आयझेन्स्टाइनने १९२९ मधील निबंधात याचे विवरण केले आहे. त्याच्या मते, पहिल्या मूर्तीत ‘देव’ ही कल्पना आणि तिचे चित्र एकमेकांशी जुळतात. पुढच्या प्रत्येक मूर्तीत ती दोन्ही दूर जातात. अखेरीस कल्पनाच निःसत्त्व ठरते.

येथे भारतीय प्रेक्षकाने थांबावे. पहिल्या मूर्तीत कल्पना आणि चित्र जुळतात ती कोणाच्या मनात? ख्रिस्ती संस्कारात वाढलेल्याच्या. ज्याच्या मूर्तिविद्येत अनेक भुजा हे सामर्थ्याचे सरळ चिन्ह आहे, त्याला मालिकेच्या मध्यावर उतरण लागतच नाही. उलट, एकाच परतत्त्वाची ही नाना रूपे, असाच अर्थ त्याच्या मनात उमटणे अधिक संभवनीय. आणि तो तर नास्तिक दिग्दर्शकाच्या हेतूच्या थेट विरुद्ध! मालिकेचा उतरता क्रम चित्रांत नाही, तो पाहणाऱ्याच्या रूढीत आहे. विश्वभाषा म्हणून योजलेली ही चित्रभाषा अशी एका प्रांताची बोली ठरते. खुद्द सोव्हिएत समीक्षकांनीही हा चित्रपट सामान्यजनांना दुर्बोध असल्याची तक्रार केली होती, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

जुलैमधील गोळीबारानंतर नेव्हा नदीवरील पूल उचलला जातो, तेथे मात्र रूपकाचा आश्रय घेतलेलाच नाही. मृत स्त्रीचे केस दुभंगणाऱ्या फटीवर पसरलेले आहेत. गाडीला जुंपलेला पांढरा घोडा उंच लोंबकळतो आहे. तीच हालचाल निरनिराळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवून काळ ताणला आहे. पूल जणू उघडतच राहतो. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील हा सर्वश्रेष्ठ भाग होय.

मग अभिधाच विश्वासार्ह, असे म्हणावे काय? राजवाड्यावरील हल्ल्याचे दृश्य पाहावे. चौकातून लोटणारा जनसमुद्र, फाटकावर चढणारे सैनिक : येथे काहीच लाक्षणिक नाही. प्रत्यक्षात त्या रात्री क्रांतिकारक बव्हंशी लहान लहान गटांनी आत शिरले होते आणि मोठी लढाई झालीच नव्हती. या दृश्याचा वारसा इतिहासापेक्षा १९२० मध्ये येव्रेइनोव्हने त्याच चौकात हजारो लोकांना घेऊन केलेल्या नाट्यप्रयोगाकडे अधिक जातो. तरीही मोराला कोणी इतिहास मानले नाही. फाटकावरील चौकटी मात्र पुढे अनेक पुस्तकांतून १९१७ ची अस्सल छायाचित्रे म्हणून छापल्या गेल्या.