हिरवी खूण उमटवली कोणी?

मंचरला एका सायबर कॅफेत माझ्या चुलत्यांनी पीककर्जासाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला. १५ रुपये भरले, पीडीएफ उतरली, पण स्वाक्षरीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह. "काका, हे असं चालायचं नाही," म्हणत कॅफेवाल्या मुलाने भराभर दोन-तीन खिडक्या उघडल्या, या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा अशा अर्थाच्या चौकटीत टिचकी मारली, आणि प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण आली. चुलत्यांचं काम झालं. सातबारा अस्सल होता. मात्र त्याच टिचकीने बनावट सातबाराही हिरवा झाला असता, कारण तलाठ्याच्या नावाचं प्रमाणपत्र कोणीही आपल्या संगणकावर बनवू शकतो.

जुन्नर-आंबेगावात जमीन बघायला येणारं बाहेरचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आलेल्या अशाच पीडीएफवर इसार देऊन बसतं. त्याच्यासाठी हे मुद्दाम सांगायचं.

हिरवी खूण पाहताना दोन गोष्टी वेगळ्या तोलाव्या लागतात. सही करणारी ही डिजिटल किल्ली त्याच माणसाची आहे याची खात्री किती, आणि तशी साक्ष देणाऱ्यावर भरवसा किती? १९९१ साली फिल झिमरमन यांनी आणलेल्या पीजीपी या सांकेतिक संदेशांच्या प्रोग्रॅमने हा फरक नीट ओळखला. त्याच धर्तीच्या जीएनयूपीजीत तर मापच ठरलेलं आहे: पूर्ण भरवशाच्या एकाची साक्ष पुरते, अर्धवट भरवशाच्या तिघांची लागते.

सातबाऱ्याच्या स्वाक्षरीमागे मात्र अशी ओळखीच्यांची साक्ष नसून साक्षीदारांची उतरंड असते. सगळ्यात वर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेले प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक, म्हणजे सीसीए. त्यांच्याखाली परवानाधारक संस्था. त्याखाली सही करणारा. यातली मधली कडीही निसटू शकते. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या परवानाधारक सरकारी संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलला आढळलं. विंडोज सीसीएला मानत असल्याने तिथले बरेच प्रोग्रॅम ती खरी धरत होते. फायरफॉक्सची विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतंत्र, त्याने धरली नाहीत. सीसीएने एनआयसीची मधली प्रमाणपत्रं लगेच रद्द केली.

म्हणून पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नये, आणि ते घालवण्याची घाईही करू नये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की त्या संगणकाला सीसीएची ओळख नाही. सीसीएचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावं, विश्वास त्यावर ठेवावा. समोरच्या पीडीएफमधल्या नावावर थेट कधीच नाही. दुसऱ्याच्या संगणकावरची हिरवी खूण तर धरूच नये.

छापील प्रतीत स्वाक्षरी तपासताच येत नाही, ती फाईलमध्ये असते. कागदावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक राज्याच्या महाभूमी संकेतस्थळावर स्वतः टाकून समोर येणारा उतारा ओळीनओळ जुळवावा. तारीखही बघावी: दोन वर्षांपूर्वीच्या उताऱ्यावरची सही आजही खरीच ठरेल, जमीन मधल्या काळात विकली गेली असली तरी. इसार देण्याआधी ताजा उतारा काढावा आणि 'आपली चावडी' या ऑनलाइन फलकावर त्या गावाच्या फेरफार नोटिसा वाचाव्यात.