जुन्या नोंदी आणि नवा पाऊस

विश्वामित्रीस पूर येईल काय, हा प्रश्न पावसाळ्यात फतेगंजात घरोघरी विचारला जातो. समजा, २ ते ६ इंच पावसाच्या जुन्या नोंदी कागदावर मांडून, त्या बिंदूंना सर्वांत जवळची रेषा अशी मिळाली : पातळी (फूट) = ५ + २ × पाऊस (इंच). नोंदींत नसलेल्या ५ इंचांस ती १५ फूट सांगते. हेच अनुमान होय. मात्र २० इंचांस ४५ फूट म्हणू नये. काठ ओलांडताच पाणी आडवे पसरते व जुना नियम सुटतो.

डॉ. वसंत गोवारीकर व सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे मान्सून-सूत्र याहून गुंतागुंतीचे होते, तत्त्व तेच. १९८८ पासून ते वापरात होते. २००२ साली त्यावरून सरासरीच्या १०१ टक्के पाऊस अपेक्षिला गेला. पडला ८१ टक्केच, आणि देशात दुष्काळ आला. २००३ साली हवामान खात्याने नवी सूत्रे घेतली.

म्हणून काही नोंदी बाजूस ठेवून त्यांवर रेषेची परीक्षा घ्यावी. यंदा आपणही रोज पाऊस मोजून उद्याच्या पातळीचे अनुमान आधी वहीत लिहा. मग वृत्तपत्रातील पातळी पाहून दोहोंतील अंतर शेजारी मांडा.