फाईलची जन्मतारीख विचारायची कोणाला?

प्रश्न : मोसंबीच्या बागांच्या नोंदी ठेवणारं अँड्रॉइड ॲप मी कोटलिनमध्ये तयार करतोय. बहाराचे, फळगळीचे फोटो तारखेनुसार लावायचे आहेत. पण जुन्या मोबाइलमधून आणलेल्या सगळ्या फोटोंची ‘तयार झाल्याची’ तारीख एकच दिसते. काही फोटो तर चक्क जानेवारी १९७० चे दिसतात. चुकतंय कुठे?
— एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : आधी १९७० चा घोळ निस्तरू. अँड्रॉइड वेळ मोजतं ते १ जानेवारी १९७० पासून. मात्र मीडियास्टोअरमधले ‘डेट ॲडेड’ आणि ‘डेट मॉडिफाईड’ हे रकाने सेकंदांत असतात, तर ‘डेट टेकन’ आणि फाईलचं ‘लास्ट मॉडिफाईड’ मिलिसेकंदांत. १५ जून २०२५ च्या रात्री साडेआठच्या सुमारास हा आकडा १७५ कोटी सेकंद झाला होता. तोच मिलिसेकंद समजून वाचला, तर जेमतेम वीस दिवस भरतात आणि फोटो २१ जानेवारी १९७० ला जाऊन पडतो. सेकंदांना हजाराने गुणा, प्रश्न मिटला. तारीख नेमकी १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी दिसली, तर मात्र दुखणं वेगळं: फाईल सापडली नाही किंवा वाचता आली नाही की ‘लास्ट मॉडिफाईड’ शून्य देतं, आणि आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे.

आता तयार झाल्याची तारीख. अँड्रॉइड ८ पासून ‘बेसिक फाईल ॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘क्रिएशन टाइम’ मागता येतो. पण ही तारीख उपलब्ध नसेल तर त्याऐवजी शेवटच्या बदलाची तारीख द्यायची मुभा जावाच्या नियमांतच आहे. तुम्हाला ना एरर येते, ना इशारा. लिनक्समधला ‘सीटाइम’ही जन्मवेळ नव्हे; नाव, मालकी, परवानग्या किंवा खुद्द मजकूर यांत शेवटचा बदल कधी झाला, ते तो सांगतो. सातबाऱ्यावरच्या फेरफाराची तारीख म्हणजे विहीर खोदल्याची तारीख नव्हे, तसंच हे.

शिवाय खरी जन्मतारीख मिळाली, तरी ती फाईलची असते, फोटोची नाही. नव्या मोबाइलमध्ये कॉपी झालेली फाईल तिथे त्याच दिवशी जन्मते. तुमचे सगळे फोटो एका तारखेचे दिसतात ते म्हणूनच.

फोटो कधी काढला हे कॅमेरा फोटोच्या आत, एक्झिफमध्ये लिहून ठेवतो. ‘एक्झिफ इंटरफेस’ वापरून ‘डेट टाइम ओरिजिनल’ वाचा. ही वेळ स्थानिक असते. ती ग्रिनिचच्या किती तास पुढे किंवा मागे, ते सांगणारा रकाना २०१६ साली आला, त्यामुळे तो रिकामाही असू शकतो. व्हॉट्सॲपवरून ‘फोटो’ म्हणून पाठवलेल्या चित्रातून एक्झिफ गळून पडतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर टिकतं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी एक्झिफ, मग ‘डेट टेकन’, आणि काहीच नसेल तर शेवटच्या बदलाची तारीख. पण ही तिसरी तारीख दाखवताना शेजारी ‘अंदाजे’ असं लिहा आणि ती दुरुस्त करायची सोय शेतकऱ्याला द्या. नाहीतर आंबे बहाराची फळगळ मृग बहाराच्या खात्यात जाईल आणि पुढच्या वर्षीच्या फवारणीचा हिशेबच चुकेल.

ॲपमधूनच काढलेल्या फोटोंना हा खटाटोप लागत नाही. फोटो काढताक्षणी वेळ आपल्या डेटाबेसमध्ये नोंदवा. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही पिकाचा फोटो ॲपमधूनच, अक्षांश-रेखांशासह घेतला जातो. मात्र मोबाइलचं घड्याळ कोणीही मागेपुढे करू शकतं. नोंद पुरावा म्हणून वापरायची असेल, तर फोटो सर्व्हरवर पोहोचल्याची वेळही वेगळ्या रकान्यात ठेवा. दोन्ही वेळांत फरक पडला म्हणून लगेच संशय घेऊ नका. शिवारात रेंज नसली की असा फरक पडायचाच.