आनुवंशिक व्याधी आणि आपले कर्तव्य



नाक आजोबांचे, डोळे आईचे, असे कौतुकाचे बोल आपण घरोघरी ऐकतो. रूपाप्रमाणे काही व्याधीही वंशपरंपरेने येतात. परंतु ही गोष्ट घरात कोणी उघडपणे बोलत नाही. या मौनामुळे जो अन्याय घडतो, त्याचा विचार व्हावा म्हणून आम्ही प्रस्तुत विषय निवडला आहे.

इ. स. १८८१ मध्ये लंडनचे नेत्रवैद्य वॉरेन टे यांना एका तान्ह्या मुलाच्या डोळ्याच्या आतील पडद्यावर लाल ठिपका आढळला. १८८७ मध्ये न्यूयॉर्कचे बर्नार्ड सॅक्स यांनी याच व्याधीतील मेंदूच्या विकृतीचे वर्णन केले. म्हणून तिला टे-सॅक्स व्याधी म्हणतात. मूल जन्मतः निरोगी दिसते. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास ते लहानशा आवाजानेही दचकू लागते. पुढे आलेली शक्ती ओसरते, दृष्टी मंदावते, आकडी येऊ लागते आणि बहुधा चार-पाच वर्षांच्या आतच त्याची जीवनयात्रा संपते.

असे का व्हावे? आपल्या मज्जापेशींत एक मेदयुक्त पदार्थ सतत तयार होत असतो. त्याचे विघटन करण्यास हेक्सोसअमिनिडेज-ए नावाचे विकर लागते. या व्याधीत ते विकरच नसते, हे १९६९ मध्ये सिद्ध झाले. घरातला केर रोज काढला नाही तर काही दिवसांत घरात पाऊल ठेवणे कठीण होते; तसाच तो पदार्थ साचून पेशींचा नाश होतो.

हे विकर घडविणारे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर असते. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती असतात : एक पित्याकडून, एक मातेकडून. एकच प्रत सदोष असेल तर मनुष्य निरोगी राहतो. त्यास ‘वाहक’ म्हणतात. माता व पिता दोघेही वाहक असतील तरच मूल आजारी होण्याचा संभव असतो, आणि तो प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक एवढा असतो. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित’ हा हिशेब चुकीचा होय. नाणे मागच्या वेळी कसे पडले, हे नाण्याला आठवत नसते.

आता आपल्या प्रांताकडे वळू. अहमदाबाद येथील डॉ. जयेश शेठ, डॉ. फ्रेनी शेठ, मेहुल मिस्त्री आणि मुंबईचे डॉ. पराग ताम्हणकर प्रभृती संशोधकांनी भारतातील १५ कुटुंबांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुजरातेतील, परस्परांशी नाते नसलेल्या ६ कुटुंबांत त्यांना एकच दोष आढळला. विकराच्या साखळीतील ४६२ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले होते. एवढ्याशा फरकाने केवढा अनर्थ! सहा घरांत तोच दोष सापडावा, याचा अर्थ तो बहुधा फार पूर्वीच्या एकाच पूर्वजापासून आला असावा. तापीच्या उगमाकडे मिसळलेला रंग खाली अनेक घाटांवर दिसावा, तसेच हे आहे. पिढ्यान्‌पिढ्या विवाह जातीतल्या जातीत होत राहिले की असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो.

या संशोधनाचे व्यावहारिक फल असे की, गुजरातेतील अशा रुग्णांत व त्यांच्या कुटुंबांत प्रथम कोणता दोष शोधावा, हे वैद्यांस कळले. या व्याधीवर खात्रीचा उपाय आजही नाही. परंतु वाहक ओळखता येतात व गर्भाची तपासणीही करता येते. अमेरिकेतील ज्यू समाजात १९७१ पासून स्वेच्छेने वाहक-तपासणी सुरू झाली आणि तेथे या व्याधीची बालके जन्मण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले.

मित्रहो, मूल असे जन्मले की आपल्याकडे बोट सुनेकडे दाखविले जाते. कोणी ग्रहणाचे निमित्त सांगतो, कोणी पूर्वजन्मीचे पाप. शास्त्र सांगते की सदोष प्रत दोघांकडूनही सारखीच आलेली असते, आणि ती कोणी मागून घेतलेली नसते. एका मातेच्या माथ्यावरील हा खोटा कलंक तुम्हांपैकी एकाने जरी आपल्या घरी पुसला, तरी हा पाठ आम्ही व्यर्थ लिहिला नाही, असे आम्ही समजू.