खडकांवरील व सालींवरील पपडी-शैवाकांची ओळख

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कातळ, गडांचे चिरे, देवळांची जोती आणि जुन्या वृक्षांची खोडे यांवर करडे, पांढरट, पिवळे वा शेंदरी डाग जागोजागी आढळतात. पुष्कळांना ते चुन्याचे शिंतोडे वाटतात. आंब्याच्या खोडावर दिसल्यास झाडास रोग जडला अशी समजूत होते व खोड खरवडले जाते. वस्तुतः ही शैवाके होत. बुरशी व शैवल यांच्या सहजीवनातून ती घडतात, हा विचार स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडला. झाडाचा अन्नरस ती शोषीत नाहीत; साल हा केवळ त्यांचा आधार असतो.

कांदा-लसूण मसाल्यातील दगडफूल हेही शैवाकच. परंतु ते पानासारखे असून आधारापासून सुटे होते. पपडी-शैवाक मात्र नखाने निघत नाही, दगडाच्या वा सालीच्या कणांसहच निघते. शंका आल्यास डाग किंचित ओला करून टोकाने हलकेच खरडावा. आत हिरवा थर दिसला तर ते शैवाक समजण्यास हरकत नाही. सालीवरील काही वंशांत हा थर पिवळसर-नारिंगी असतो, हे ध्यानात असावे.

यानंतर दहापट मोठे दाखविणारे भिंग हवे. खरी ओळख रंगावरून नव्हे, फलांगांच्या आकारावरून पटते. गुळगुळीत सालीवर मोडी अक्षरांच्या तुटक फराट्यांसारख्या काळ्या रेषा दिसल्यास ते ग्राफिस अथवा त्याच्या कुळातील शैवाक असते. फलांग बशीसारखे असून काठ पपडीच्याच रंगाचा असेल तर लेकॅनोरा, बशी व काठ दोन्ही काळे असतील तर ब्युएलिया, असा प्राथमिक तर्क करता येतो. सालीत रुतलेले काळे ठिपके पायरेन्युलाकडे बोट दाखवितात. शेंदरी कॅलोप्लाकावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकताच जांभळा रंग येतो; हे द्रावण दाहक असल्याने प्रयोग शिक्षकांनी स्वतःच करावा. जातीपर्यंत पोहोचण्यास बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, म्हणून शाळेने वंशापाशी थांबणे उत्तम. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पटवर्धन व डॉ. मखिजा यांनी या गटांवर दीर्घकाळ काम केले. डॉ. अवस्थी यांचा भारतीय सूक्ष्मशैवाकांवरील ओळखग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला.

या पपड्यांची वाढ फार मंद असते. अनेक जातींची वर्षाकाठी एक मिलिमीटरही होत नाही. तळहाताएवढा डाग कित्येक दशकांचा असू शकतो. रस्त्याकडेच्या खोडांस गेरू-चुन्याचे पट्टे ओढताना किंवा देवळाचे जोते रंगविताना तो एका दिवसात झाकला जातो. जैवविविधता कायदा २००२ अन्वये ग्रामपंचायतींच्या समित्या लोक जैवविविधता नोंदवही तयार करतात. तीत वृक्ष व पशुपक्ष्यांबरोबर शैवाकांसाठीही एखादे पान राखता येईल. वृक्षाचे नाव, साल गुळगुळीत की खडबडीत, डागाची दिशा व जमिनीपासूनची उंची, रंग, फलांगांचा आकार, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेले छायाचित्र एवढी नोंद तज्ज्ञांस पुरेशी उपयोगी पडते. कासचे पठार, कोयना व चांदोली येथे नमुना न उचलता छायाचित्रच घ्यावे. संरक्षित वनातून नमुना नेण्यास वनविभागाची पूर्वपरवानगी लागते.